फाळक्यावरचा ट्रॉम्बोन

माझी बायको वासंती गेली ते मला दुपारी पावणेदोनला कळलं. ती बारा वाजून दहा मिनिटांनी गेली होती. तिला दवाखान्यात नेल्याचा निरोप माझ्या टेम्पोपर्यंत पोचला तेव्हा साडेअकरा वाजले होते. म्हणजे निरोप आला तेव्हा ती जिवंत होती, आणि मी दवाखान्यापासून वीस मिनिटांवर होतो.

फेब्रुवारी १९९०, रविवार. माझा टेम्पो एका बिल्डरच्या जाहिरातीला लावला होता. तेव्हा भाईंदरजवळ हाटकेशकडे इमारती उठत होत्या आणि बिल्डरांना रविवारी मुंबईहून घर बघायला येणारी माणसं हवी असत. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना बॅनर, ‘स्टेशनपासून सात मिनिटे’. सात मिनिटांत तिथे फक्त कावळा पोचला असता. वर दत्तारामची बँड पार्टी, खाली स्टिअरिंगवर मी, माझ्या शेजारी बिल्डरचा माणूस. सकाळी दहाला भाईंदर पूर्वेहून निघायचं, नवघर, काशीमिरा, हाटकेश करत वाजतगाजत परत यायचं. गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नसे.

शिवदासभाई आमच्या समोरच्या दारात राहतात. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबेननं, वासंतीला स्वयंपाकघरात पडलेली पाहिलं. दोघांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवलं आणि शिवदासभाई मला शोधायला निघाले. हाटकेशच्या अलीकडे त्यांना टेम्पो दिसला. तिथे रस्ता खोदलेला होता, रिक्षा पुढे निघेना. ते उतरले आणि टेम्पोमागे धावत आले. मागे फाळक्यावर दत्ताराम उभा होता. फाळका म्हणजे टेम्पोच्या मागची खाली पाडायची फळी. शिवदासभाईंनी त्याला ओरडून सांगितलं की वासंतीबेनला दवाखान्यात नेलंय, हरीशभाईला ताबडतोब पाठवा. दत्तारामनं मान हलवली, सांगतो म्हणून हात केला. दवाखान्यात द्वारकाबेन एकटी होती म्हणून शिवदासभाई तिथूनच मागे फिरले.

दत्तारामनं मला सांगितलं ते फेरी पुरी झाल्यावर. वाद्यं उतरल्यावर. बिल्डरचा माणूस पुढच्या रविवारचं ठरवून निघून गेल्यावर. तो म्हणाला, “हरी, वहिनीची तब्येत जरा बिघडली हाय, दवाखान्यात जा.”

मी गेलो तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. तिच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. द्वारकाबेन म्हणाली की शुद्ध होती तोवर ती दाराकडे बघत होती. शिवदासभाई म्हणाले, मी तर साडेअकरालाच सांगून आलो. तेव्हा मला निरोपाचं कळलं.

दहाव्याला खाडीवर दत्ताराम आला होता. पांढरी टोपी घालून, हात जोडून. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. सगळ्यांसमोर. भटजी थांबले. माझ्या चुलतभावांनी मला धरलं. दत्तारामनं टोपीनं तोंड पुसलं आणि तो निघून गेला. त्यानंतर मी बँडला टेम्पो दिला नाही. दत्ताराम राई गावचा, मी मुर्ध्याचा. दोन्ही गावं एकमेकांना लागून आहेत, आमचे बाप एकाच मिठागरात राबलेले. तरी साडेतीन वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. समोरून दिसला तर मी रस्ता बदलत नसे. त्यानं बदलावा म्हणून सरळ त्याच्या अंगावर चालत जात असे.

आता दत्ताराम फाळक्यावर का उभा होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दत्ताराम ट्रॉम्बोन वाजवतो. ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवली की हातभर लांब जाते. बँड रस्त्यानं चालत असतो तेव्हा काही अडत नाही. पण टेम्पोत नऊ माणसं दाटीनं उभी राहिली की नळी पुढच्याच्या मानेत बसते. पहिल्याच रविवारी क्लॅरिनेटवाल्याच्या कानामागे खोक पडली. त्यानं नळी धरून ठेवली आणि दत्तारामला आईवरून शिवी दिली. मी गाडी थांबवली, मागचा फाळका पाडला, दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवर आडवा टेकवला आणि दत्तारामला म्हटलं, इथे उभा राहा आणि मागे तोंड करून वाजव, तिकडे कुणी नाही. तेव्हापासून ती त्याची जागा झाली. आणि तिथे गेल्यावर त्याचं वाजवणंच बदललं. समोर कुणी नाही म्हटल्यावर तो नळी पूर्ण ताणायला लागला. लांब, घसरत जाणारे, म्हशीसारखे सूर काढायला लागला. मागून येणारे सायकलवाले हसत असत.

हे मी एकदा जेवताना वासंतीला सांगितलं, तर ती ताटावरून उठली आणि पर्समधून कार्ड काढून आणलं.

वासंती मुंबईत एका मंडळात टायपिस्ट होती. तिथे संगीताच्या शब्दांचा मराठी कोश होत होता. एका शब्दाला एक कार्ड. पुढे शब्द, अर्थ, तो कुठून आला, मागे आधार. आपल्या संगीताचे शब्द विद्वान लोकांनी वाटून घेतले. पाश्चात्त्य संगीताचे, त्यातही जॅझचे, कुणाला नको होते. ते टायपिस्टला दिले. ती वाचनालयात बसून इंग्रजी पुस्तकं वाचायची आणि कार्डं लिहायची. ज्यानं नोंद केली त्याची आद्याक्षरं नोंदीखाली छापायची असं ठरलं होतं. तिची ‘वा. ह.’. या दोन अक्षरांचा तिला फार अभिमान होता. मला त्याचं काही वाटत नसे. मी तिला वाह वाह म्हणून चिडवायचो.

त्या कार्डावर ‘टेलगेट’ हा शब्द होता. जॅझमध्ये ट्रॉम्बोन वाजवायच्या एका पद्धतीला टेलगेट म्हणतात. मंडळाचे संपादक पंढरीनाथ कारखानीस. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की टेल म्हणजे शेपूट, गेट म्हणजे दार, तेव्हा पुच्छद्वार असा काहीतरी शब्द करा. ती मला म्हणाली, “पुच्छद्वार छापलं तर वाचणारा नाक दाबून पान उलटेल.” आणि शेपटीचा ट्रॉम्बोनशी काय संबंध तेही तिला पटत नव्हतं. मग तिला एका पुस्तकात सापडलं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. तिथे पूर्वी घोड्याच्या गाड्यांवर बँड बसवून गावभर जाहिरात करत फिरायचे. आज अमुक ठिकाणी नाच आहे, तमुक ठिकाणी कुस्ती आहे. ट्रॉम्बोनची नळी दुसऱ्यांना लागते म्हणून त्या माणसाला अगदी मागे, पाडलेल्या फळीवर बसवत. त्या फळीला तिकडे टेलगेट म्हणतात. त्या फळीवरून जे लांब घसरते सूर निघाले त्या वाजवण्यालाच पुढे फळीचं नाव पडलं.

हे तिनं वाचलं होतं, पण तिचा विश्वास बसत नव्हता. एका फळीवरून वाजवायच्या पद्धतीला नाव कसं पडेल, असं तिला वाटे. आणि इथे मी आमटी ओरपत तिला तेच सांगत होतो.

पुढच्या रविवारी ती टेम्पोबरोबर आली. गाडी थांबवून तिनं दत्तारामला आधी मध्ये उभं राहून वाजवायला लावलं, मग फाळक्यावर. शिंप्याची टेप आणून नळी मोजली. क्लॅरिनेटवाल्याच्या कानामागची खूणही बघितली. सगळे हसत होते. दत्ताराम म्हणाला, “वहिनी, हापिसात लिहिणार ना, मग माझं नाव टाका. बापाच्या नावासकट. न्हायतर गावात कोण मानणार न्हाय.”

तिनं टाकलं. कार्डाच्या पुढे तिनं लिहिलं की टेलगेट म्हणजे गाडीचा फाळका, शेपटीशी संबंध नाही, आणि मराठीत ‘फाळका-पद्धत’ म्हणावं. मागे पुस्तकाचं नाव आणि पान लिहिलं. त्याखाली ‘प्रत्यक्ष पाहिले’ असं लिहून भाईंदर, टेम्पो, तारीख, वादकाचं पूर्ण नाव. त्याखाली सहीसाठी एक रेघ. मंडळाचा नियम होता की शब्दाच्या उगमाला दोन आधार हवेत. एक पुस्तक असेल तर दुसरं पुस्तक, नाहीतर प्रत्यक्ष साक्षीदाराची सही. नातेवाइकाची सही चालत नव्हती, म्हणून माझी उपयोगाची नव्हती.

ती म्हणाली, रविवारी दत्तारामभावोजींची सही घेऊन या. मी कार्ड केबिनमध्ये, काचेच्या वरच्या पट्टीत खोचलं. आणि तीन रविवार तसंच ठेवलं. दत्ताराम मला बायकोचा शिपाई म्हणाला असता. नऊ जणांसमोर तो तसं म्हणेल एवढ्या कारणासाठी मी तीन रविवार एक सही मागितली नाही. तिसऱ्या रविवारी ती गेली.

कोशाचा पहिला खंड १९९३ च्या एप्रिलमध्ये घरी आला. मंडळानं एक प्रत पाठवली होती, आत ‘कै. वासंतीबाईंच्या स्मरणार्थ’ अशी चिठ्ठी. मी तो कपाटात ठेवला. उघडला नाही. जूनमध्ये माझी मुलगी रुचिता, ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, एका साप्ताहिकाचं पान घेऊन आली आणि माझ्यासमोर टाकलं. कुणी निवृत्त संगीतशिक्षकानं पत्र लिहिलं होतं. कोशात ‘पुच्छशैली’ अशी नोंद आहे. ट्रॉम्बोनची नळी वादनाच्या वेळी शेपटीप्रमाणे मागेपुढे हलते, त्यावरून हे नाव पडले, असं तिथे लिहिलं आहे. पत्रलेखकानं विचारलं होतं की या वा. ह. कोण? यांनी ट्रॉम्बोन पाहिला आहे, की गोठ्यात बसून कोश लिहिला? सरकारी पैशावर असे गुरांचे डॉक्टर कशाला पोसता?

मी कपाटातून खंड काढला. नोंद तशीच होती. खाली ‘वा. ह.’ होतं.

दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेलो. कारखानीस खिडकीजवळ बसले होते, भोवती कार्डांचे लाकडी खण. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी बसा म्हटलं. मी बसलो नाही. ते म्हणाले की तुमच्या मंडळींचं काम नेटकं होतं, त्या गेल्यावर जॅझचा विभाग कसातरी पुरा करावा लागला, हे एक कार्ड सापडलंच नाही, म्हणून नोंद त्यांनी स्वतः लिहिली.

“मग खाली तिची अक्षरं का?”

“यादी आधीच ठरली होती. हा शब्द त्यांच्या नावावर होता.”

“लिहिलं तुम्ही आणि शिव्या खातेय ती.”

“शिव्या माझ्या नावानं आल्या असत्या तर आपण इथे आला असता का?”

मी नसतो आलो, आणि ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांना फाळक्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकत असल्यासारखा चेहरा काही केला नाही. शेवटी म्हणाले की टेम्पोवाल्याच्या अनुभवावरून अमेरिकेतल्या शब्दाची व्युत्पत्ती ठरत नसते. मी विचारलं, तुम्ही कधी चालत्या गाडीच्या मागे उभे राहिलात का? ते म्हणाले, कोश गाडीमागे उभं राहून होत नाही.

“म्हणूनच तुमच्या कोशात ट्रॉम्बोनला शेपूट फुटली,” मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या आणि खाली बघायला लागल्या. कारखानीसांचे कान लाल झाले. त्यांनी विचारलं, “मूळ कार्ड कुठे आहे?”

मी म्हणालो, माझ्याकडे. माझ्या टेम्पोत राहिलं होतं.

“किती दिवस?”

“आधीचे तीन आठवडे. नंतर तीन वर्षं.”

“म्हणजे ते वेळेवर इथे आलं असतं तर मी शेपूट लिहिली नसती. ही चूक माझी आहे. पण माझ्या एकट्याची नाही.”

त्या माणसाला मी आजही चांगलं म्हणणार नाही. न पाहिलेल्या गोष्टीला त्यानं नाव ठेवलं आणि खाली मेलेल्या बाईचं नाव लावलं. पण हे वाक्य त्याचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

त्यांनी मला लिहून दिलं. दुसऱ्या खंडाला शुद्धिपत्र जोडायचं आहे. दिवाळीपर्यंत मूळ कार्ड साक्षीदाराच्या सहीसह आणलं तर नोंद बदलून छापू, आणि पहिली नोंद वा. ह. यांची नव्हती असंही छापू. पुस्तकाचा आधार त्यांनी मानला. दुसरा मात्र हवाच. मी म्हटलं, मुद्दाम अडवताय. ते म्हणाले, हा नियम तुमच्या मंडळींनीच माझ्याकडून मंजूर करून घेऊन टाइप केला होता, दोन आधार नसतील तर कार्ड खणात घेऊ नये म्हणून.

घरी येऊन मी क्लॅरिनेटवाल्याची चौकशी केली. तो सुरतेला गेला होता, पत्ता कुणाला माहीत नव्हता. बाकीचे हंगामी होते, आज या पार्टीत तर उद्या त्या. आणि कार्डावर नाव दत्तारामचं होतं, बापाच्या नावासकट. रुचिता म्हणाली, बाबा, मी जाते काकांकडे. मी तिला सांगितलं की त्या घराची पायरी चढलीस तर या घरात येऊ नकोस. ती म्हणाली, “नाव आईचं आहे. भांडण तुमचं आहे. दोन्ही एका कार्डावर कशाला?” मी तिला गप्प बस म्हटलं. ती गप्प बसली आणि तशीच राहिली. ताट वाढते, विचारलं तेवढ्याला उत्तर देते.

ऑक्टोबरात मी राईला गेलो. रविवार टाळला. दत्ताराम पडवीत बसून ट्रंपेटला पडलेला खळगा काढत होता. त्याची आई विमलाबाई दारात सुकट निवडत होती. मला बघून ती म्हणाली, “वाट चुकलास का रं?” आणि सूप उचलून आत गेली. दत्ताराम उठला नाही. मी कार्ड त्याच्यासमोर ठेवलं आणि सही पाहिजे म्हणालो. शुद्धिपत्राचं सांगितलं, साप्ताहिकातलं पत्रही सांगितलं.

त्यानं हात पुसले, कार्ड उचललं, पुढून मागून सगळं वाचलं. बोट ठेवून, सावकाश.

“सगळं बरोबर लिवलंय वहिनीनं,” तो म्हणाला. “सही करतो. पण आधी एक बोल. तू वहिनीसाठी आलायस का मना चुकलो म्हणायला लावायला आलायस?”

“तू चुकलास हे तुझ्या तोंडून ऐकायची मला गरज नाही.”

“पण मना गरज हाय. तुझ्या तोंडून. खाडीवर आख्ख्या गावासमोर थुंकलास. माझ्या आईनं बघितलं. तेवढं चुकलो म्हण. मग पेन दे.”

मी म्हणालो, “तुझ्यामुळे ती एकटी मेली.”

“मना वाटलं चक्कर आली आसंल. तुझ्या बाजूला बिल्डरचा माणूस. म्हटलं हाटकेशचा फेरा मारू नि सांगू. मग म्हटलं आता नवघरला सांगू. मग स्टेशनच आलं.” तो कार्डाकडे बघत बोलत होता. “त्यात पैसा न्हवता हरी. गाडी मध्येच थांबली तर माझा बँड बिल्डरसमोर हलका पडेल, एवढंच डोक्यात. कार्डावर तारीख हाय. तू तीन रविवार सही का मागितली न्हाय ते तरी सांग.”

मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला.

“बघ,” तो म्हणाला. “मना पण नऊ जणांची लाज, तुला पण नऊ जणांची लाज. माझ्या तोंडावर तू थुंकलास. तुझ्या तोंडावर कोण थुंकलं?”

मी कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं. कोपरा जरा फाटला. तो म्हणाला, उद्या ये, परवा ये, मी इथंच हाय, पण तो शब्द घेऊन ये. मी त्याला मिठागरात काढतात तशी एक शिवी दिली आणि निघालो. मागून त्याची आई म्हणत होती की दे रे सही, बाई चांगली होती. तो तिला म्हणाला, मी देतोच आहे, तो घेत न्हाय.

दिवाळी झाली. कारखानीसांनी पोस्टकार्ड पाठवलं की छपाई लांबली आहे, संक्रांतीपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे नाही. मी त्यांना उत्तर पाठवलेलं नाही. साप्ताहिकात आणखी एक पत्र आलं, त्यात वा. ह. यांना कोशातून काढून टाका असं होतं. तिला काढून टाकायला ती कुठे आहे, असं लिहून मी साप्ताहिकाला पाठवणार होतो. तेही पाठवलं नाही.

दत्ताराम चुकला, हे मी मरेपर्यंत म्हणणार. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. पण कारखानीस शेपूट लिहून मोकळे झाले ते कार्ड माझ्या टेम्पोत होतं म्हणून, आणि आज तिला लोक गुरांचा डॉक्टर म्हणतात ते एक शब्द माझ्या तोंडातून निघत नाही म्हणून. राई माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे.

आज जानेवारीची आठ तारीख आहे. कार्डामागची रेघ रिकामी आहे. मी दत्तारामकडे परत गेलेलो नाही.